माणसांचे आजार मोजणारा पशुवैद्य

आपल्या बॅचमधले काही मित्र मला अजूनही 'ढोरांचा डॉक्टर' म्हणतात. त्यांना केल्विन श्वाबे यांच्याविषयी एकदा सांगायचेच होते, ते स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

श्वाबे अमेरिकेचे, जन्म १९२७ चा. आधी प्राणिशास्त्र शिकले, १९५४ साली ऑबर्न येथून पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि पुढे हार्वर्डला सार्वजनिक आरोग्य शिकले. १९५६ मध्ये ते लेबनॉनमध्ये, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे त्यांना भेटला हायडॅटिड हा रोग.

आपल्या जीवशास्त्राच्या सरांनी फळ्यावर पट्टकृमीचे जीवनचक्र काढले होते, तसेच हेही आहे. कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. मेंढी ते गवत खाते आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. मेंढी कापली की गाठी असलेली कलेजी कोणी घरी नेत नाही. ती फेकली जाते आणि नेमकी तीच कुत्र्याच्या तोंडी लागते. माणूस या चक्रात चुकून सापडतो. अंडी हाताला किंवा भाजीला लागून पोटात जातात, गाठ वर्षानुवर्षे निमूट वाढते आणि शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसते. सर्जनला फक्त हा शेवटचा अंक दिसतो.

श्वाबे आणि त्यांच्या सहकाऱ्याने लेबनॉनमधल्या १९४९ ते १९५९ या काळातल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, धंदा काय? मुसलमानांपेक्षा ख्रिस्ती लोकांत रोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. कारण साधे होते: ख्रिस्ती घरांत कुत्री अधिक पाळली जात, तर मुसलमान कुत्र्याला शिवणे टाळत. मात्र जोडे शिवणाऱ्यांतही हा रोग जास्त निघाला, हे कोडेच होते. त्याचे उत्तर कातड्यात होते. कातडे कमावताना कुत्र्याची विष्ठा वापरायची जुनी पद्धत तिथे चालू होती. मला स्वतःला श्वाबेंच्या सगळ्या कामात हा जोड्यांचा शोध सर्वात आवडतो. इथे औषध नाही, यंत्र नाही, नुसती चौकशी आहे!

१९६६ मध्ये ते कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे प्राध्यापक झाले आणि पशुवैद्यक महाविद्यालयात साथरोगशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. एका जनावराऐवजी सगळा कळप, सगळे गाव रोगी म्हणून पाहायचे, हे तिथे शिकवले जाई. त्यांचा पशुवैद्यक आणि मानवी आरोग्य यांवरचा ग्रंथ १९६४ सालचा. १९८४ च्या आवृत्तीत त्यांनी 'वन मेडिसिन' ही कल्पना ठामपणे मांडली. जर्मन डॉक्टर विर्को यांनी एकोणिसाव्या शतकात असेच म्हटले होते, पण श्वाबेंचा पुरावा पुस्तकी नव्हता. सुदानमधल्या गुरे पाळणाऱ्या डिंका लोकांत माणसांवर आणि जनावरांवर उपचार करणारा एकच असतो, हे त्यांनी पाहिले होते. (जगभरचे लोक कोणकोणते प्राणी आणि अवयव खातात, यावर पाककृतींचे एक जाड पुस्तकही त्यांनी लिहिले आहे. शाकाहारी मित्रांनी ते उघडू नये.)

पुढे स्विस पशुवैद्यांनी आफ्रिकेतल्या चाड देशात भटक्या पशुपालकांची पाहणी केली. गुरांना लसी मिळाल्या होत्या, पण सर्व लसी पूर्ण झालेले मूल एकही सापडले नाही. मग गुरांच्या लसीकरणाबरोबरच मुलांनाही लसी देण्यात आल्या. एकाच फेरीत दोन्ही कामे झाली.

आपल्याकडे मेंढ्या आहेत, राखणीची कुत्री आहेत आणि मटणाच्या दुकानामागे ताटकळणारी मोकाट कुत्रीही आहेत. हायडॅटिडच्या गाठी महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतही काढल्या जातात. त्या टाळण्याचे उपाय स्वस्त आहेत: कुत्र्याला जंताचे औषध द्यायचे आणि कापलेल्या जनावराचे खराब अवयव खोल पुरायचे. पण तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखाना एका टोकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दुसऱ्या टोकाला असते. गाठ काढलेल्या रुग्णाच्या घरी कुत्रे आहे का, हे विचारायला जायचे कोणी, हे दोघांच्याही कामात लिहिलेले नसते.

श्वाबे २००६ साली वारले. सरकारी कागदांत आता सर्रास दिसणारा 'वन हेल्थ' हा शब्द त्यांच्याच कल्पनेचा पुढचा अवतार आहे.