सातपुड्यातील सलई

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतून उत्तरेकडे पाहिलं, की सातपुड्याची रांग दिसते. तिच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर सलईची झाडं वाढतात. साल राखी-हिरवट, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. ऐन उन्हाळ्यात अंगावर पान नाही. सालीला घाव बसला, की मात्र सुवासिक डिंक पाझरू लागतो. अरबस्तानातून जगभर गेलेला धूप ज्या झाडाचा, ते हिचंच भावंड!

संस्कृत ग्रंथांत हिचं नाव शल्लकी. हत्ती आवडीनं खातात म्हणून गजभक्ष्या. सूज आणि सांधेदुखी यांवर वैद्य तिचा डिंक देत आले.

विसाव्या शतकाला सलई आठवली, ती मात्र निराळ्याच कामासाठी. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बऱ्हाणपूरजवळ नेपानगरला वृत्तपत्री कागदाची गिरणी उभी राहिली. १९५६ साली पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. तिचा कच्चा माल कोणता? सलईचं लाकूड आणि बांबू. देशाला कागद हवा होता, यात शंका नाही. पण झाडाची किंमत तेव्हा लाकडावरून ठरत होती.

औषधी वनस्पतींकडे प्रयोगशाळांचं लक्ष याच सुमारास वळत होतं. चिनी गिंको वृक्षाच्या पानांचा अर्क जर्मनीत १९६५ साली औषध म्हणून बाजारात आला. सलईची पाळी पुढे आली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनं तिच्या डिंकाचा अर्क उंदरांवर तपासला. सूज उतरते, असा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला. असं का व्हावं? शरीरात सूज वाढवणारी काही द्रव्यं एका विकरामुळे तयार होतात. डिंकातली बॉस्वेलिक आम्लं त्या विकराला अडवतात, असं जर्मन संशोधकांना १९९२ साली प्रयोगशाळेत आढळलं.

मग नागपुरात गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना आठ आठवडे अर्क, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी; नंतर अदलाबदल. २००३ साली निष्कर्ष छापून आले: अर्कानं वेदना आणि सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, क्ष-किरण चित्रात मात्र फरक नव्हता. म्हणजे आराम पडला, झिजलेला सांधा काही भरून आला नाही. शिवाय ३० हा आकडा लहानच. तेव्हा वाचकहो, डॉक्टरांना विचारल्यावाचून हे औषध सुरू करू नका.

आता डिंकाला भाव आला आणि नवी काळजी उभी राहिली. आफ्रिकेतल्या एरिट्रियात सलईच्याच कुळातल्या झाडांचा अभ्यास झाला. ज्यांना फार घाव घातले, त्यांना सकस बी कमी धरलं, असं २००६ साली दिसून आलं. डिंक गोळा करणाऱ्याचं पोट त्याच झाडावर. पण रोपच उगवलं नाही, तर पुढच्या पिढीनं काय गोळा करावं? घाव उथळ घालावा, झाडाला विसावा द्यावा. सलईची फांदी लावली तरी रुजते. पण तोडलेल्या झाडांची जागा तेवढ्यानं सहज भरून निघेलच, असं नाही.