तान्ना बेटावरील कावापान

कावा ही मिरी आणि नागवेलीच्या कुळातली वनस्पती. तिची लागवड प्रथम वानुआतूच्या बेटांवर झाली असे मानले जाते. तिला बी धरत नाही, खोडाचे तुकडे लावावे लागतात. म्हणजे पॅसिफिकभर ती पसरली ती माणसांच्या होड्यांतूनच.

वानुआतूतील तान्ना बेटावर पुरुष संध्याकाळी वडाखालच्या ‘नाकामाल’ या मोकळ्या जागेत जमतात. रीतीप्रमाणे मुलगे मुळे चावून देतात, तो चोथा पाण्यात कालवून गाळतात आणि करवंटीतला कडवट रस एका दमात पितात. शेवटचा घोट फुर्रकन उडवून पूर्वजांकडे मागणे मागायचे. नंतर कोणी मोठ्याने बोलत नाही. कावालॅक्टोन द्रव्यांमुळे जीभ बधिर होते, स्नायू सैलावतात, पण भान सहसा सुटत नाही. पूर्वजांची चाहूल लागते ती या शांततेत; अफाट भास घडवणारे हे पेय नव्हे. फिजीत मात्र देवाचा संचार होण्याआधी पुजारी तेच घेत.

तान्नावरील प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांना नशेइतकाच हा पूर्वजांशी संवादही खटकला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या वर्चस्वाखाली कावापान दडपले गेले. १९४० च्या सुमारास जुन्या रूढींकडे परतू पाहणाऱ्या स्थानिक जॉन फ्रम चळवळीने ते उघडपणे पुन्हा सुरू केले आणि १९४१ मध्ये तान्नाची चर्च जवळपास ओस पडली.