हॉलिवूडचे जुने चित्रपट ‘अभिजात’ कसे ठरले?

#थ्रेड #इतिहास #चित्रपट

१/
२० डिसेंबर १९४६. दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ न्यूयॉर्कमध्ये झळकला. तीस लाख डॉलरहून अधिक खर्चून काढलेला हा चित्रपट तोट्यात गेला. ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पण त्यांपैकी एकही पुरस्कार पदरी पडला नाही. चित्रपट काढणारी ‘लिबर्टी फिल्म्स’ ही संस्था पुढच्याच वर्षी विकली गेली. आज मात्र अमेरिकेत या चित्रपटाविना नाताळची कल्पनाच करवत नाही. मधल्या काळात नेमके काय घडले?

२/
उत्तम कलाकृती काळाच्या ओघात आपोआप टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. हॉलिवूडचा इतिहास याला पुरता दुजोरा देत नाही. चित्रपट टिकायचा तर आधी त्याची फिल्म टिकावी लागते. मग तो नव्या पिढीसमोर पुन्हा पुन्हा यावा लागतो. त्यानंतर कुठे त्याच्या गुणांची परीक्षा होते. या तिन्ही टप्प्यांचा हा धावता आढावा.

३/
पहिला टप्पा : फिल्मचे टिकणे.
पहिल्या महायुद्धाच्या काळात थीडा बारा ही अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय नटी होती. ओहायो राज्यातील सिनसिनाटीच्या एका ज्यू शिंप्याची ही मुलगी. फॉक्स कंपनीने मात्र तिचा जन्म इजिप्तच्या वाळवंटात झाल्याची कहाणी पसरवली आणि लोकांनी ती चवीने वाचली. १९१७ चा ‘क्लिओपात्रा’ हा तिच्या कीर्तीचा कळस होता.

४/
तिने चाळीसहून अधिक चित्रपट केले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले आज हाताच्या बोटांवर मोजता येतात. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि कंपनीच्या मूकपटांचा फार मोठा साठा भस्मसात झाला. ‘क्लिओपात्रा’ची काही छायाचित्रे आणि काही क्षणांचे तुकडे तेवढे शिल्लक आहेत.

५/
त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती इतकी ज्वालाग्राही, की एकदा पेटल्यावर पाण्याखालीही जळत राहते. पण सारा दोष आगीचा नव्हता. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. जागा अडते म्हणून, किंवा फिल्मवरील चांदी काढून घेता येते म्हणून, कित्येक रिळे मुद्दाम नष्ट करण्यात आली.

६/
अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९१२ ते १९२९ या काळात तेथे १०,९१९ पूर्ण लांबीचे मूकपट निघाले. त्यांपैकी मूळ स्वरूपात आणि संपूर्ण उरलेले जेमतेम १४ टक्के. ‘जुने ते सोने’ म्हणताना हे ध्यानात ठेवलेले बरे. आपण जे पाहतो, ते उरलेल्यांतले आहे.

७/
दुसरा टप्पा : पुन्हा पुन्हा समोर येणे.
१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्टुडिओंविरुद्ध गेला आणि त्यांना आपली चित्रपटगृहे स्वतःपासून वेगळी करावी लागली. त्याच सुमारास घरोघरी टीव्ही आला. उत्पन्न घटलेल्या स्टुडिओंना गोदामातल्या जुन्या चित्रपटांची आठवण झाली. १९५६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने १९५० पूर्वीचा आपला संग्रह २ कोटी १० लाख डॉलरना विकून टाकला. तो लवकरच टीव्हीवर दिसू लागला.

८/
टीव्ही केंद्रांना रिकामे तास भरायचे होते आणि जुने चित्रपट स्वस्त पडत होते. या साध्या हिशेबातून एका पिढीला आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीचे चित्रपट घरबसल्या पाहायला मिळाले. १९३९ चा ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ पहिल्या प्रदर्शनात नफा कमवू शकला नव्हता. सीबीएस वाहिनीने तो १९५६ मध्ये दाखवला. १९५९ पासून तो दरवर्षी दाखवला जाऊ लागला आणि अमेरिकेतील मुलांसाठी तो वार्षिक सणच होऊन बसला.

९/
आता पुन्हा कॅप्रांच्या चित्रपटाकडे.
तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार कॉपीराइट २८ वर्षांचा असे. पुढे तो टिकवायचा तर नूतनीकरण करावे लागे. १९७४ मध्ये हक्कधारक कंपनीकडून हे नूतनीकरण राहून गेले. चित्रपट कुणालाही फुकट दाखवता येतो, असे दिसताच गावोगावच्या टीव्ही केंद्रांनी नाताळात तो वारंवार लावला. कार्यालयीन हलगर्जीपणामुळे एका अपयशी चित्रपटाला दुसरा जन्म मिळाला.

१०/
ही मोकळीक जवळजवळ वीस वर्षे टिकली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रिअर विंडो’च्या खटल्यात, चित्रपटाच्या मूळ कथेचा नूतनीकृत कॉपीराइट डावलता येत नाही, असा निकाल दिला. त्याचा आधार घेऊन रिपब्लिक पिक्चर्सने १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीताच्या हक्कांच्या बळावर ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ पुन्हा ताब्यात घेतला. गंमत अशी, की ‘रिअर विंडो’च्या खटल्यात हरलेल्या पक्षात या चित्रपटाचा नायक जेम्स स्टुअर्टही होता!

११/
मग सारे श्रेय योगायोगालाच द्यायचे का?
येथे कॅप्रांचाच १९४१ चा ‘मीट जॉन डो’ आठवावा. त्याचाही कॉपीराइट संपला होता. त्यातही नाताळच्या पूर्वसंध्येला आत्महत्येच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस आहे. दिग्दर्शक तोच, प्रसंग जवळजवळ तोच, आणि दाखवण्याची मुभाही तीच. तरीही त्याला दुसऱ्या चित्रपटासारखे प्रेम लाभले नाही. संधी दोघांना मिळाली, लोकांनी निवडला मात्र एकच.

१२/
तिसरा टप्पा : गुणांची परीक्षा.
‘मीट जॉन डो’चा नायक वृत्तपत्र आणि धनिकाच्या हातचे बाहुले आहे. जॉर्ज बेली हा मात्र लहान गावात गृहकर्ज देणारी पतसंस्था चालवणारा साधा माणूस. जग पाहण्याचे त्याचे स्वप्न दर वेळी कुणाच्या तरी अडचणीपायी मागे पडते. ही कुचंबणा समजायला अमेरिकन असावे लागत नाही.

१३/
पडद्यावरच्या त्या हताशेमागे युद्धही उभे आहे. स्टुअर्टने बॉम्बफेकी विमानांचा वैमानिक म्हणून २० लढाऊ मोहिमा केल्या होत्या. युद्धावरून परतल्यानंतरचा हा त्याचा पहिला चित्रपट. कॅप्राही युद्धकाळात सैन्यासाठी माहितीपट काढत होते. नाताळच्या गोड कथेत मध्येच जाणवणारा काळोख या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे.

१४/
‘कासाब्लांका’चेही असेच. १९४२ चा हा चित्रपट आपल्या काळातही यशस्वी ठरला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. पण असे यश मिळवून विस्मरणात गेलेले चित्रपट कमी नाहीत. जानेवारी १९५७ मध्ये हम्फ्री बोगार्टचे निधन झाले. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाजवळच्या ब्रॅटल थिएटरने ‘कासाब्लांका’ लावला. पुढे परीक्षांच्या दिवसांत बोगार्टचे चित्रपट पाहण्याची प्रथाच पडली. विद्यार्थी पडद्याबरोबर मोठ्याने संवाद म्हणत.

१५/
या चित्रपटाची कथा नाझींपासून पळून लिस्बनकडे निघालेल्या निर्वासितांची आहे. श्रेयनामावलीतील कलाकारांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे. नाझी अधिकारी रंगवणारे कोनराड फाइट स्वतः १९३३ मध्ये ज्यू पत्नीसह जर्मनी सोडून गेले होते. मार्सेल दालिओ आणि मादलेन लेबो हे फ्रेंच दाम्पत्य १९४० मध्ये पॅरिसमधून निसटून लिस्बनमार्गेच बाहेर पडले होते.

१६/
कॅफेमध्ये जर्मन अधिकारी आपले गाणे गाऊ लागतात आणि इतर सारे उठून फ्रान्सचे राष्ट्रगीत गातात, तो प्रसंग आठवा. चित्रीकरण झाले तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली होता आणि युद्ध कोण जिंकणार, हे कुणालाच ठाऊक नव्हते. डोळ्यांत पाणी आणून गाणाऱ्या त्या तरुणीची भूमिका लेबोचीच. आज हा इतिहास माहीत नसलेला प्रेक्षकही त्या क्षणी सावरून बसतो.

१७/
थीडा बारा १९५५ मध्ये वारली. स्टुडिओंचे संग्रह टीव्हीकडे वळू लागले, तो हाच काळ. ‘क्लिओपात्रा’ त्या रांगेत उभाच राहू शकला नाही. तो श्रेष्ठ होता की सामान्य, हे ठरवण्याचा अधिकारच पुढच्या पिढ्यांनी गमावला.

१८/
हे दुखणे हॉलिवूडपुरते नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. नाव प्रत्येक स्पर्धापरीक्षार्थीला पाठ, पण चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी.

१९/
म्हणून ‘अभिजात’ चित्रपटांची यादी वाचताना दोन प्रश्न सोबत ठेवावेत : हा चित्रपट इथवर कुणामुळे पोहोचला? आणि या यादीत येण्याआधीच कोणकोणते जळून गेले? पहिल्याच्या उत्तरात कारकून, वकील, टीव्ही केंद्रे आणि परीक्षेला कंटाळलेले विद्यार्थी भेटतात. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या छायाचित्रापाशी येऊन थांबते.

(समाप्त)