अर्थाकडून शब्दाकडे : वैद्यकीय शब्दांच्या व्युत्क्रमकोशाचा पूर्वेतिहास

कोशविचारात ‘व्युत्क्रमकोश’ ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. शब्दांच्या अंत्याक्षरांनुसार रचलेला कोश हा तिचा एक अर्थ होय. अर्थ ठाऊक आहे परंतु शब्द ठाऊक नाही, अशा जिज्ञासूला शब्दापर्यंत नेणारा कोश हा दुसरा. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. सामान्य भाषाव्यवहारात अशा कोशाची गरज लेखकाला वा अनुवादकाला भासते. आरोग्याच्या क्षेत्रात ती प्रथम भासते आजारी माणसाला. त्याच्यापाशी वर्णन असते, नाव नसते. शास्त्रातील माहिती मात्र नावाखाली लावलेली असते. हे अंतर आपल्या कोशपरंपरेने कसे हाताळले, हा प्रश्न परिभाषेइतकाच अर्थविचाराचाही आहे.

वर्णक्रमाने लावलेला कोश आज स्वाभाविक वाटत असला, तरी संस्कृतातील कोशरचना मुख्यतः अर्थवर्गांनी चालत असे. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील मनुष्यवर्गात रोगांची नावे येतात आणि क्षय, शोष, यक्ष्मा हे शब्द एकत्र आढळतात. अनेकार्थी शब्दांसाठी तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग वेगळा काढला आहे. म्हणजे अर्थाकडून शब्दाकडे आणि शब्दाकडून अर्थाकडे या दोन्ही दिशांचे भान तेथे आहे. तथापि या कोशात प्रवेश करण्याची भाषा आणि त्यातून हाती येणारी भाषा एकच, संस्कृत, आहे. ज्याला पर्याय हवा आहे त्याची येथे सोय होते; ज्याच्यापाशी एकही शास्त्रीय शब्द नाही, तो दाराबाहेरच राहतो.

वैद्यकीय निघंटूंनी हे दार काहीसे किलकिले केले. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनात वावरणारे लोक जाणतात, हे चरकसंहितेने मान्य केले होते. पुढे राजनिघंटूचा कर्ता नरहरी पंडित याने आपल्या ग्रंथात कर्नाटक व महाराष्ट्र येथील भाषांच्या आधारे नावांचे स्पष्टीकरण केल्याचे सांगितले आहे. त्याच्या ग्रंथात रोगादिवर्ग आहे, तसाच एका शब्दाचे अनेक अर्थ नोंदविणारा एकार्थादिवर्गही आहे. लोकभाषेतील नाव हे शास्त्राकडे जाण्याचे एक साधन होऊ शकते, ही जाणीव त्यात दिसते.

माधवकराच्या ‘रोगविनिश्चया’ची, म्हणजे माधवनिदानाची, गोष्ट याहून निराळी आहे. हा कोश नव्हे. परंतु वर्णनावरून नावाचा निश्चय करणे हेच त्याचे प्रयोजन आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच अंगांनी तो रोगाकडे पाहतो. रोग कसा दिसतो एवढेच विचारून तो थांबत नाही. कशाने उद्भवला, आधी काय जाणवले, कशाने उतार पडला, हेही विचारतो. व्युत्क्रमकोशाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात मुद्रणाबरोबर वर्णक्रम स्थिरावला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मराठी शब्दाकडे नेणारा हा कोश होता खरा, पण त्यात शिरायचे ते इंग्रजीच्या वाटेने. पुढे १८५२ मध्ये इंग्लंडात पीटर मार्क रॉजे याचा अर्थवर्गीय कोश निघाला. रॉजे व्यवसायाने वैद्य होता. तरीही त्याने ‘रोग’ हे शीर्षक जडद्रव्याच्या वर्गात न ठेवता इच्छाशक्तीच्या वर्गात ठेवले. अमरसिंहाने ज्याला मनुष्यवर्गात स्थान दिले, त्याला रॉजेने संकल्पाच्या आणि कृतीच्या प्रांतात नेले. कोणतेही वर्गीकरण तटस्थ नसते, याचे हे चांगले उदाहरण होय.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले. त्याच्या परिभाषा कोशांत शरीर, विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र या विषयांचे कोशही आहेत. शास्त्र मराठीतून शिकविता यावे, हे त्यांचे उद्दिष्ट रास्तच होते. परंतु त्यांतील नोंदी इंग्रजी संज्ञेपासून सुरू होतात. ते ज्याला इंग्रजी संज्ञा आधीच येते त्याचे कोश आहेत.

यातून निर्माण होणारी अडचण एका अर्थक्षेत्रावरून दाखविता येते. चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणे हे शब्द मराठी माणूस सहज वापरतो. माधवनिदानात या क्षेत्राचा विचार मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा, संन्यास अशा गटात येतो. तेथे ‘भ्रम’ म्हणजे शरीर चाकाप्रमाणे फिरल्यासारखे वाटणे, आणि ‘संन्यास’ म्हणजे गाढ बेशुद्धी. आजच्या मराठीत भ्रम हा मनाचा गैरसमज झाला आहे आणि संन्यास हा आश्रम. जुनी संज्ञा जशीच्या तशी स्वीकारणारा कोश चक्कर येणाऱ्या वाचकाला मनोविकाराच्या पानावर नेऊन सोडेल.

यावर लोकभाषेतील शब्दांनाच प्रमाण मानावे, असा उपाय सुचतो. तोही पुरेसा नाही. ड्राकमन व हार्ट यांनी १९७२ मध्ये चक्करेच्या तक्रारीचे, रुग्णाच्या वर्णनाच्या आधारे, चार प्रकार कल्पिले व ही विभागणी दीर्घकाळ शिकविली गेली. २००७ मध्ये अमेरिकेतील तातडीच्या उपचारकक्षांत झालेल्या एका अभ्यासात मात्र निम्म्याहून अधिक रुग्णांनी काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला असता आपल्या संवेदनेसाठी वेगळे वर्णन निवडले. ती केव्हा येते, किती वेळ टिकते, कशाने उद्भवते, याविषयीची त्यांची उत्तरे तुलनेने स्थिर होती. कूस बदलताना घर फिरू लागणे आणि उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे यांतील भेद विशेषणात कमी आणि प्रसंगात अधिक आहे.

अर्थवर्गीय कोशाचे गृहीतकच येथे तपासावे लागते. संवेदना हा एक निश्चित अर्थ असून त्याला फक्त योग्य शब्द जोडायचा आहे, असे हे गृहीतक असते. वेदनेचा अर्थ पुष्कळदा सांगतानाच घडतो आणि सांगतानाच बदलतो. म्हणून मराठीत आरोग्यशब्दांचा व्युत्क्रमकोश रचावयाचा, तर त्याच्या नोंदीत ‘कसे वाटते’ याच्या जोडीला ‘केव्हा’, ‘कशाने’, ‘कशाने थांबते’ ही अंगेही हवीत. एका वर्णनापुढे एकच नाव न देता, जवळची दोन-तीन नावे त्यांतील भेदासह द्यावयास हवीत. आणि भ्रमासारख्या अर्थांतर झालेल्या शब्दाच्या दोन्ही अर्थांची नोंद हवी. रूपाला निदान व उपशय यांची जोड देणारी चौकट माधवकराने फार पूर्वी आखली आहे. परिभाषेच्या कामात आपण त्याच्या संज्ञा घेतल्या; त्याची प्रश्न विचारण्याची रीत घेणे अद्याप बाकी आहे.