पर्यावरणीय पाऊलखूण : पृथ्वीवरचा भार कसा मोजतात आणि तो कोणाचा?

माणूस जे खातो, नेसतो, जाळतो आणि फेकून देतो, त्या प्रत्येक गोष्टीसाठी कुठे ना कुठे जमीन आणि पाणी खर्ची पडते. भाकरीसाठी शेत लागते, दुधासाठी कुरण, कागदासाठी जंगल. हा सगळा वापर क्षेत्रफळात मोजण्याच्या पद्धतीला ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ म्हणजेच पर्यावरणीय पाऊलखूण म्हणतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्रा. विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत विकसित केली. पुढे २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क’ने ती देशोदेशीच्या हिशेबासाठी वापरात आणली.

मोजमाप कसे होते?

या हिशेबात सहा गोष्टी धरतात : शेतजमीन, कुरणे, मासेमारीचे क्षेत्र, लाकूड देणारे जंगल, बांधकामाखालची जागा आणि इंधन जाळल्याने निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी लागणारे जंगल. देशातील उत्पादनात आयात मिळवतात आणि निर्यात वजा करतात. त्यामुळे माल कुठेही तयार झाला तरी त्याचा भार वापरणाऱ्याच्या खात्यावर पडतो. कोकणातली वरकस जमीन आणि गाळाची सुपीक जमीन सारखे पीक देत नाही, म्हणून सर्व क्षेत्र ‘जागतिक हेक्टर’ या एकाच मापात बदलून घेतात. जागतिक हेक्टर म्हणजे जगाच्या सरासरी उत्पादकतेची एक हेक्टर जमीन.

दुसऱ्या बाजूला निसर्ग एका वर्षात किती भरून देऊ शकतो, हे मोजतात. त्याला जैवक्षमता म्हणतात. वापर जैवक्षमतेपेक्षा जास्त झाला की आपण व्याजावर न भागवता मुद्दल खाऊ लागतो.

आकडे काय सांगतात?

१९७० च्या दशकापासून जग हे मुद्दल खात आहे. वर्षभराचा वाटा ज्या दिवशी संपतो, त्याला ‘अर्थ ओव्हरशूट डे’ म्हणतात. २०२५ साली हा दिवस २४ जुलै धरला गेला, म्हणजे वर्षातील २०५ वा दिवस. ३६५ ला २०५ ने भागले की सुमारे १.८ येते. जगाची आजची गरज भागवायला जवळपास पावणेदोन पृथ्वी लागतात, असा त्याचा अर्थ. या भारात सर्वात मोठा, निम्म्याहून जास्त वाटा कार्बनचा आहे.

अमेरिकेत दरडोई पाऊलखूण ७ जागतिक हेक्टरांहून जास्त आहे, तर भारतात ती साधारण एक हेक्टरच्या आसपास आहे. तरीही भारताची दरडोई जैवक्षमता त्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने आपला देशही तुटीतच आहे.

सरासरीत काय झाकले जाते?

या मापाला मर्यादा आहेत. भूजलाचा उपसा, नदीतले विषारी सांडपाणी, नष्ट होणाऱ्या प्रजाती यांचा हिशेब त्यात नीट येत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी. देशाच्या सरासरीत वातानुकूलित बंगला आणि ऊसतोड कामगाराचे पाल एकाच आकड्यात बसतात.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून स्वतःच्या पायाखालची धूळ झाडत जावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ (१९३६) मध्ये केली आहे. ज्यांच्या पाऊलखुणा पुसल्या गेल्या, त्यांच्या वंशजांपैकी असंख्य लोकांचा पृथ्वीवरचा भार आजही सर्वात हलका आहे. पण दुष्काळ, पूर आणि उष्णतेचा मार आधी त्यांनाच बसतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यात पाणी होतेच. प्रश्न होता ते कोणाला मिळणार याचा. नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत वापराची चर्चा हा प्रश्न सोडून होऊ शकत नाही. ज्याच्या घरी नळ नाही, त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा अन्यायच आहे.

धम्मातील वापराची शिस्त

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणे करू, मग गादीची खोळ, जमिनीवरचे आंथरूण, पायपुसणे, फडके, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. या उत्तरात वाटप आधी येते आणि पुनर्वापर नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्षावासाचा नियमही, पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवे गवत आणि लहान जीव चिरडतात, या लोकांच्या तक्रारीवरून घातला गेला. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मधमाशीसारखे धन जमवावे, असे सांगितले आहे. मधमाशी मध घेते, पण फूल मोडत नाही.

आपल्याला काय करता येईल?

दीक्षाभूमी, चैत्यभूमी किंवा गावच्या जयंतीला जाताना स्वतःचे ताट आणि पाण्याची बाटली सोबत नेता येईल. विहाराच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवता येईल. ज्यांच्या घरी आता गाडी आणि एसी आला आहे, त्यांनी विजेचे बिल आणि इंधनाचा खर्च महिन्याला लिहून ठेवावा, कारण मोजल्याशिवाय कमी करता येत नाही. त्याचबरोबर ग्रामसभेत आणि वॉर्डात पाणी, गायरान जमीन आणि कचराभूमीच्या जागेचा प्रश्न ठामपणे मांडावा. आपला भार कमी करणे आणि आपला न्याय्य वाटा मागणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.