'फँड्री'चा दगड कोणाला लागला?

मराठी सिनेमात गावकुसाबाहेरचा माणूस आला तो बहुधा दयेचा विषय म्हणून. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले नागराज मंजुळे यांनी स्वतः पटकथा लिहून, दिग्दर्शन करून ही दया नाकारली.

'पिस्तुल्या' या लघुपटानंतर २०१३ साली त्यांनी 'फँड्री' केला. त्यात जब्याचं कैकाडी कुटुंब डुक्कर बांधून नेतं आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई दिसतात. महापुरुष भिंतीवर आणि जात रस्त्यावर! शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो.

२०१६ मध्ये 'सैराट'च्या गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला. पण आर्ची-परश्याचा खून जातीने केला, हे किती जणांनी मान्य केलं? २०१८ च्या हिंदी 'धडक'ने तर जातीचा प्रश्नच बोथट केला. लेखणी दुसऱ्याच्या हाती गेली की आपली गोष्ट अशी बदलते. ती मंजुळेंच्या हाती राहिली, म्हणून २०२२ च्या 'झुंड'मध्ये भीमजयंती दिमाखात पडद्यावर आली.

जालना, अंबड, परतूरच्या तरुणांनो, टाळ्या वाजवून थांबू नका. आपल्या वस्तीची गोष्ट आपणच लिहू या.

जय भीम!