अवनीच्या अंगातला डार्ट

उसात बिबट्या दिसला की आपल्या पणदरे भागात एकच मागणी, "भुलीचं इंजेक्शन मारा आणि घेऊन जा." तेवढं सोपं नसतं हो. डार्ट लागल्यावर जनावर लगेच पडत नाही, काही मिनिटं पळतं. डोस वजनाच्या अंदाजावर. चुकला तर जीव जातो, नाहीतर पिसाळलेलं जनावर अंगावर येतं.

यवतमाळची अवनी वाघीण आठवा. तिच्यावर 13 बळींचा ठपका होता, लोकांची भीती खरीच होती. सप्टेंबर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं वनखात्याच्या आदेशात हात घातला नाही: आधी बेशुद्ध करा, नाहीच जमलं तर गोळी. 2 नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीनं मेली. पथकासोबत पशुवैद्य नव्हता. अंगात डार्ट सापडला, पण तो नंतर हातानं खोचला असावा, असा संशय राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत पुढे आला.

गोळीची वेळ येते, मान्य. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिरूरच्या पिंपरखेडला डार्ट हुकला, बिबट्या चालून आला, मग गोळी झाडली. तिथं प्रयत्न तरी झाला. अवनीच्या वेळी तो झाला, की फक्त दाखवला? आपल्याकडे पथक आलं तर सोबत पशुवैद्य आहे का, हे गावानं आधी विचारावं.